मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि नॉन-कोडिंग आरएनए: 'वाढला की घटला' याआधी 'कुठल्या पेशीत?' हे विचारा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधल्या नॉन-कोडिंग आरएनएवर प्रबंध करायचं त्यांचं घाटतंय. शोधनिबंध बरेच वाचून झालेत. एकात एखादा आरएनए वाढलेला, दुसऱ्यात घटलेला, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'हा रेणू ट्यूमरची वाढ घडवतो' किंवा 'रोखतो' असा निष्कर्ष. त्यांचं म्हणणं, इतके सगळे रेणू वाढीला जबाबदार असतील तर खरी भूमिका कुणाची मानायची? शिवाय त्यांच्या मामांचं याच आजाराचं ऑपरेशन झालंय. त्यांची मायक्रोआरएनएची रक्ततपासणी करून घ्यावी का, असंही त्यांनी विचारलंय.

मी मॉलिक्युलर पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. ऑपरेशनमधून आलेल्या आतड्याच्या पॅराफिन ब्लॉकमधून, म्हणजे मेणात जपलेल्या तुकड्यांतून, आरएनए काढणं, तो मोजणं आणि आलेल्या आकड्याचा अर्थ लावणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देते.

ताई, तुमचा गोंधळ वाचन कमी पडल्यामुळे झालेला नाही. ट्यूमरमध्ये एखादा आरएनए किती आहे हे मोजणं आता फार सोपं झालंय. तो तिथे काय करतो हे दाखवणं मात्र अजूनही कठीण आहे. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवलं की तुम्ही वाचलेत तसे निबंध तयार होतात. म्हणून 'भूमिका कुणाची' याच्या आधी 'भूमिका आहे हे कशावरून कळलं' हे विचारायचं.

पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहे, इतर वाचकांसाठी दोन ओळी. माणसाच्या जनुकसंचातला जेमतेम २ टक्के भाग प्रथिनं घडवणाऱ्या जनुकांचा, अशी जनुकं साधारण २०,०००. उरलेल्या भागाच्याही पुष्कळशा आरएनए प्रती निघतात, पण त्यांतून प्रथिन बनत नाही, म्हणून ते नॉन-कोडिंग. त्यांतले सुमारे २२ अक्षरांचे ते मायक्रोआरएनए, ज्यांना आम्ही नुसतं 'मिर' म्हणतो. ते दुसऱ्या जनुकांच्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्याला आवर घालतात. २०० अक्षरांहून लांब ते एलएनसीआरएनए, आणि दोन्ही टोकं जुळून कडं झालेले ते सर्क्युलर आरएनए. पहिला मिर १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत सापडला आणि त्या कामासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

आता मिर-१४३ आणि मिर-१४५ बद्दल. हे उदाहरण मी सविस्तर सांगणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने दाखवलं की मोठ्या आतड्याच्या ट्यूमरमध्ये हे दोन मिर शेजारच्या निरोगी आतड्यापेक्षा बरेच कमी असतात. पुढे जगभरातून तेच निकाल आले, आणि ते निकाल खरे आहेत. आमच्याकडेही कुठलाही ब्लॉक घेतला तरी तसंच दिसतं. मग कॅन्सरच्या पेशी वाढवून त्यांत बाहेरून मिर-१४३ घातला तर वाढ मंदावते, के-रास या वाढीला चालना देणाऱ्या जनुकाचं प्रथिन कमी होतं, असेही प्रयोग झाले. वरकरणी सगळं जुळलं. हे दोघे वाढीचे ब्रेक, आणि कॅन्सर होताना ब्रेक निकामी होतात, अशी मांडणी रूढ झाली.

पण तुलना कशाची कशाशी होत होती ते बघा. निरोगी आतड्याचा तुकडा म्हणून जे येतं त्यात आतलं अस्तर असतं, त्याखालचा सबम्युकोझा असतो आणि त्याखाली स्नायूचा जाड थर असतो. ट्यूमरच्या तुकड्यात मात्र अस्तरापासून निपजलेल्या कॅन्सर पेशी खच्चून भरलेल्या असतात आणि स्नायू नावापुरता. दोन्ही तुकडे वाटून त्यांतला आरएनए काढला, की ज्याचा साठा स्नायूत आहे तो रेणू ट्यूमरमध्ये 'घटलेला' दिसणारच. कुठल्याही पेशीत काहीही न बदलता तो घटलेला दिसेल. मिश्र डाळी मिक्सरमधून काढल्यावर पीठ बघून कुठली डाळ किती होती हे सांगता येत नाही, तसंच हे आहे.

२०१४ मध्ये जोशुआ मेंडेल यांच्या गटाने उंदरांवर काम करून नेमकं हेच पुढे आणलं. मिर-१४३ आणि मिर-१४५ आतड्याच्या अस्तराच्या पेशींत जवळजवळ नसतातच. ते स्नायूत आणि फायब्रोब्लास्टसारख्या आधार देणाऱ्या पेशींत असतात. म्हणजे अस्तराच्या पेशीत जो ब्रेक कधी नव्हताच तो निकामी कसा होणार? पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हे मिर काढून टाकलेल्या उंदरांच्या आतड्याला इजा केली, तेव्हा अस्तर नीट भरून येईना. आधारपेशींमध्ये मिर-१४३ नसल्यामुळे आयजीएफबीपी-५ नावाचं प्रथिन वाढलं आणि वाढीचा संदेश अस्तरापर्यंत पोचण्यात त्याने अडथळा आणला. ज्याला ब्रेक म्हटलं जात होतं, तो शेजारी राहून अस्तराला वाढायला मदत करत होता.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर इन सिटू हायब्रिडायझेशन करा. मिरला चिकटणारा प्रोब लावलेलं, रंगवलेलं सेक्शन मायक्रोस्कोपखाली धरलं की रंग खालच्या स्नायूच्या पट्ट्यात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत गडद भरलेला दिसतो, आणि वरच्या ग्रंथींच्या ओळी कोऱ्या. हे बघितल्यावर 'ट्यूमरमध्ये घटला' या वाक्याचा अर्थच बदलतो. सोय नसेल तर निदान इतकं करा. ज्या नमुन्यांत मिर-१४५ मोजलाय त्याच नमुन्यांत डेस्मिन आणि एमवायएच-११ ही स्नायूची जनुकं मोजा. तीही त्याच प्रमाणात घटलेली आढळली तर तुम्ही स्नायूच मोजलाय, असं धरून चाला.

ही एकट्या मिर-१४३ ची गोष्ट असती तर इतकं लिहिलं नसतं. सीआयआरएस-७ हा प्रसिद्ध सर्क्युलर आरएनए घ्या. त्याच्यावर मिर-७ ला चिकटण्याच्या जागा सत्तरच्या आसपास. मोठ्या आतड्याच्या ट्यूमरमध्ये तो वाढलेला सापडला आणि तो मिर-७ शोषून घेऊन पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या ईजीएफआर प्रथिनाला मोकळं रान देतो, म्हणून ट्यूमर वाढतो, असं मांडलं गेलं. २०२० मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी प्रत्यक्ष ऊतीत तो कुठे आहे ते तपासलं. कॅन्सर पेशींत तो नव्हता, भोवतालच्या स्ट्रोमात, म्हणजे आधारपेशींच्या जाळ्यात, भरपूर होता. ज्या पेशीत तो नाही, त्या पेशीतला मिर-७ तो शोषणार कसा?

मग स्ट्रोमातल्या आरएनएला काही किंमतच नाही का? आहे, आणि इथे घाई करू नका. मिर-२१ ट्यूमरमध्ये वाढतो याबद्दल फारसं दुमत नाही. २००८ मध्ये तो जास्त असलेल्या रुग्णांचं आयुर्मान कमी असल्याचं दिसलं, आणि पीटीईएन, पीडीसीडी-४ ही वाढ रोखणारी प्रथिनं तो दाबतो हेही पुष्कळ प्रयोगांत दिसलंय. सेक्शनवर पाहिलं तर त्याचा बराच साठा ट्यूमरच्या कडेच्या फायब्रोब्लास्टमध्ये असतो, आणि दुसऱ्या स्टेजच्या रुग्णांत स्ट्रोमातला हा मिर-२१ जास्त असेल तर आजार उलटण्याची शक्यता जास्त, असंही निघालं. २०१५ मध्ये या कॅन्सरचे जनुकांच्या हालचालीवरून चार गट पाडले गेले. त्यांतला चौथा, सीएमएस-४, स्ट्रोमाने भरलेला आणि वाईट वळण घेणारा. म्हणजे स्ट्रोमा जास्त असणं हीच रुग्णाच्या दृष्टीने वाईट खूण आहे. त्यामुळे एखादा आरएनए वाईट परिणामांशी जोडलेला दिसला, तर तो ते घडवतोय, की नुसता 'इथे स्ट्रोमा फार आहे' इतकंच सांगतोय, हे वेगळं करावं लागतं. दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात. रक्तातला किंवा ऊतीतला निर्देशक म्हणून दुसरीही उपयोगी पडते. औषधाचं लक्ष्य ठरवायचं असेल तर मात्र पहिलीच हवी.

इथवरचं एकत्र करते. वाढला-घटला हे सगळ्या पेशींच्या मिश्रणाचं मोजमाप असतं. भूमिका हा शब्द वापरायचा तर तो रेणू कुठल्या पेशीत आहे, किती प्रती आहेत आणि तो काढल्यावर त्याच पेशीत काय बिघडतं, हे तिन्ही दिसायला हवं.

आता ज्या बाबतीत पुरावा मला भक्कम वाटतो तिकडे वळते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची सुरुवात बहुतेक वेळा एपीसी जनुक बिघडण्याने होते. सुमारे ८० टक्के ट्यूमरमध्ये ते बिघडलेलं असतं. एपीसी गेलं की बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साठत जातं आणि केंद्रकात जाऊन मिक हे वाढीचं जनुक पेटवतं. मिक पुढे मिर-१७-९२ हा सहा मिरचा गुच्छ चालू करतं. हा गुच्छ १३ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे, आणि साधा पॉलिप कॅन्सरमध्ये बदलताना नेमकी ही भुजा वाढीव प्रतींत दिसते. म्हणजे बदल खुद्द कॅन्सर पेशीच्या डीएनएतच आहे, तिथे स्नायूची भेसळ आड येत नाही. त्याचं काम काय तेही दाखवलं गेलंय. मिक जोरात असलेल्या आतड्याच्या पेशींतून उंदरात उठवलेल्या ट्यूमरमध्ये या गुच्छातल्या मिरनी थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ आणि सीटीजीएफ दाबली. ही दोन्ही प्रथिनं नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाहीत, त्यामुळे ती दबल्यावर ट्यूमरला रक्तपुरवठा चांगला मिळाला. कारण आणि परिणाम यांची साखळी मला इथे पुरी झालेली दिसते.

मिकच्या शेजारचा परिसर आणखी रोचक आहे. ८ व्या गुणसूत्रावर मिकपासून ३३५ किलोबेस (३,३५,००० अक्षरं) दूर, जिथे प्रथिन घडवणारं एकही जनुक नाही अशा जागी, आरएस६९८३२६७ हा एका अक्षराचा फरक आहे. तिथे जी अक्षर असेल तर या कॅन्सरचा धोका प्रत्येक प्रतीमागे साधारण सव्वापट होतो. हे २००७ मध्ये हजारो लोकांच्या तुलनेतून निघालं. याच जागेवरून सीकॅट-२ हा लांब आरएनए निघतो. त्याहून थोडं पुढे, मिकपासून ५१५ किलोबेसवर, सीकॅट-१ चं लांब रूप निघतं. ते केंद्रकातच राहतं आणि तिथला डीएनए वळून मिकच्या जवळ येतो ती वळी टिकवायला मदत करतं, असं २०१४ मध्ये दाखवलं गेलं.

पण इथेही एक गाठ आहे, आणि प्रबंधात ती तुम्ही सोडवली नाहीत तरी तिचा उल्लेख हवा. २०१२ मध्ये उंदरातला हा ३३५ वाला तुकडा काढून टाकला. उंदीर धडधाकट राहिले, आणि एपीसी बिघडलेलं असूनही त्यांच्या आतड्यात ट्यूमर कमी झाले. फार सुंदर प्रयोग. मात्र काढला गेला तो डीएनए. परिणाम तिथून निघणारा आरएनए गेल्यामुळे झाला, की जनुकाचा जोर वाढवणारी प्रथिनं येऊन बसतात ती जागा (एन्हान्सर) गेल्यामुळे, हे या प्रयोगाने ठरत नाही. जी अक्षर असताना टीसीएफ हे प्रथिन तिथे अधिक घट्ट बसतं, हे आधीच माहीत होतं. एलएनसीआरएनएच्या क्षेत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. डीएनए तसाच ठेवून फक्त आरएनए नष्ट केला आणि तरीही परिणाम दिसला, तरच भूमिका आरएनएची.

'स्पंज' या कल्पनेबद्दलही बोलते, कारण तुमच्या यादीतले निम्मे निबंध तिच्यावर उभे असतील. अमुक एलएनसीआरएनए तमुक मिर शोषून घेतो, म्हणून त्या मिरचं लक्ष्य असलेलं जनुक मोकळं सुटतं, अशी ही मांडणी. कल्पना चुकीची नाही, हिशेब बघायला हवा. यकृताच्या पेशींत मिर-१२२ वर मोजमाप झालं, तेव्हा लक्ष्यांवरचा दाब सैल पडायला प्रत्येक पेशीत दीड लाखाच्या घरात जास्तीच्या चिकटण्याच्या जागा लागल्या. मिर आणि त्याची लक्ष्यं यांचं गुणोत्तर कमी असेल तिथे हा उंबरठा खाली येऊ शकतो, असं दुसऱ्या गटाने दाखवलं. म्हणजे हे परिस्थितीवर अवलंबून आहे. पण एका पेशीत ज्याच्या दहा-वीस प्रती आहेत असा आरएनए, प्रत्येक प्रतीवर एकच जागा असताना, हजारो मिरना गुंतवून ठेवतो हे मला पटत नाही. निबंध वाचताना प्रती मोजल्यात का ते आधी शोधा. नसतील तर निष्कर्षापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा.

आता प्रबंधाचं. तुमच्या विभागात काय सोयी आहेत, रुग्णांचे नमुने मिळतात का, हातात किती महिने आहेत, यावर बरंच ठरेल. फक्त पेशीसंवर्धन आणि क्यूपीसीआर (आरएनए मोजायचं तंत्र) असेल तर मी नवा रेणू शोधायला सांगणार नाही. ओळखीचा रेणू घ्या आणि एकच प्रश्न नीट सोडवा.

पेशी प्रश्नानुसार निवडा. मिर-३४ए हा पी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या जनुकाच्या हुकमाखाली चालतो, त्यामुळे त्याचा अभ्यास पी५३ शाबूत असलेल्या एचसीटी११६ या कॅन्सर पेशींमध्ये आणि त्याच पेशींच्या पी५३ काढलेल्या जोडीत करावा. एसडब्ल्यू४८० मध्ये पी५३ मुळात बिघडलेलं आहे, तिथे तो प्रश्नच लागू होत नाही. उलट एसडब्ल्यू४८० आणि एसडब्ल्यू६२० या दोन्ही एकाच रुग्णाच्या, पहिली मूळ ट्यूमरमधून आणि दुसरी पुढे लिम्फ नोडमध्ये पसरलेल्या आजारातून घेतलेली. पसरण्याबद्दल काही विचारायचं तर ही जोडी हाताशी आहे. पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेसारख्या अधिकृत भांडारातून मागवा, शेजारच्या लॅबच्या फ्रीजरमधून नको. ओळख न पटलेल्या पेशींवरचं काम नंतर टिकत नाही.

आरएनए पेशीत कुठे बसतो ते प्रयोगाआधी पाहा. केंद्रक आणि पेशीद्रव वेगळे करा, यू-६ (केंद्रकातली खूण) आणि जीएपीडीएच (पेशीद्रवातली खूण) मोजून वेगळे झालेत याची खात्री करा. केंद्रकातला आरएनए एसआयआरएनएने (आरएनए नष्ट करायला घातलेल्या छोट्या आरएनए तुकड्यांनी) पुरेसा कमी होत नाही, असं बऱ्याचदा होतं. तिथे आरनेज-एच या आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमला कामाला लावणारे अँटिसेन्स ऑलिगो बरे. दोन वेगवेगळ्या जागी चिकटणारे दोन ऑलिगो वापरा, आणि दोघांचा परिणाम सारखा आला तरच तो धरा. आरएनए काढल्यावर डीनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक नळी चालवा. एलएनसीआरएनए कमी असतात, थोडासा डीएनए राहिला तरी तोच वाढून येतो. बाहेरून मिर घालून वाढ थांबली, तर तो मिर त्या पेशीत मुळात असतो का आणि तुम्ही किती पट घातला ते लिहा. शेकडो पट घातलेला मिर एरवी ज्यांना शिवतही नाही अशी जनुकंसुद्धा दाबतो.

आणखी एक सवय लावून घ्या. ज्या निबंधावर आधार ठेवणार आहात त्यातले प्रायमर आणि एसआयआरएनएचे क्रम स्वतः ब्लास्ट या क्रम जुळवून बघणाऱ्या ऑनलाइन साधनात टाकून बघा. या क्षेत्रात साच्यातून काढल्यासारखे, विकत मिळणारे निबंध खूप शिरले आहेत, आणि सिडनीच्या संशोधक जेनिफर बर्न यांनी त्यांतले कितीतरी केवळ चुकीच्या क्रमांवरून ओळखून दाखवले आहेत. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तुमचे सहा महिने वाचतात.

शेवटी मामांबद्दल. मायक्रोआरएनएच्या रक्ततपासणीवरून आज मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे उपचार ठरत नाहीत, त्यामुळे तिच्यावर पैसे खर्च करू नका असंच मी सांगेन. एक तांत्रिक कारणही आहे. मिर-९२ए, मिर-१६, मिर-४५१ हे लाल रक्तपेशींत ठासून भरलेले असतात. रक्त काढताना किंवा लॅबपर्यंत नेताना थोड्या पेशी फुटल्या, प्लाझ्माला जराशी गुलाबी झाक आली, तरी त्यांचे आकडे वर जातात. त्यावरून घरात काळजी सुरू होते आणि आजाराशी त्याचा संबंध नसतो. औषध म्हणूनही हा रस्ता अजून कच्चा आहे. मिर-३४ए ची नक्कल असलेलं एमआरएक्स३४ हे औषध २०१३ मध्ये रुग्णांना द्यायला सुरुवात झाली, पण प्रतिकारयंत्रणेच्या गंभीर प्रतिक्रिया आल्याने २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली.

त्यापेक्षा मामांच्या बायॉप्सीचा किंवा ऑपरेशननंतरचा रिपोर्ट काढा आणि त्यात पुढच्या गोष्टी आहेत का बघा: स्टेज, किती लिम्फ नोड तपासले आणि त्यांपैकी किती बाधित, आणि एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या) प्रथिनांची चाचणी. बारापेक्षा कमी नोड तपासले असतील तर सर्जनना आणि ऑन्कॉलॉजिस्टना त्याबद्दल जरूर विचारा. आजार इतरत्र पसरलेला असेल तर रास आणि बीआरएएफ या जनुकांच्या तपासण्याही लागतील, कारण रास बदललेलं असल्यास सेटुक्सिमॅब या औषधाचा सहसा उपयोग होत नाही. एमएमआर गेलेलं निघालं तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या कॅन्सरच्या धोक्याचा, विचार करावा लागेल. मग प्रश्न मामांपुरता राहत नाही, तुमच्या आईंचा आणि तुमचाही होतो. तसं निघाल्यास जनुकीय सल्ला घ्या आणि कोलोनोस्कोपी कोणत्या वयापासून, किती वर्षांनी करायची हे त्यांच्याकडून लिहून घ्या. रिपोर्टमध्ये एमएमआरचा उल्लेखच नसेल तर ब्लॉक जिथे ठेवलाय त्या पॅथॉलॉजी विभागात अर्ज द्या. पॅराफिन ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो आणि ही चाचणी त्याच ब्लॉकवर आताही होऊ शकते.